दोनशे चाळीस पिशव्यांची साक्ष

१

मुलांनो, एक डोळा मिटा. दोन्ही मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? मिटलात? आता असं समजा, की सकाळचे आठ वाजलेत, तुम्ही दार उघडून बाहेर आलात आणि दोरीवरचे सगळे कपडे एकाच रंगाचे झालेत. लाल फ्रॉक करडा, निळी चादर करडी, बाबांचा पांढरा सदरासुद्धा करडा. पायरीवर बोट फिरवलं की रेघ उठतेय. तोंड मिटलं तरी दातांखाली करकर होतेय. आणि ती भुकटी आभाळातून अजून पडतेच आहे, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी.

हे सगळं जिने खरोखर पाहिलं ती मुलगी अकरा वर्षांची होती. सगळी वसाहत तिला ठिणगी म्हणायची. तिला राग यायला क्षण पुरायचा, जायला मात्र आठवडे लागायचे.

वसाहत फरशीच्या कारखान्याला चिकटून होती. कारखान्यात दगडाची भुकटी गरम हवेत वाळवत. ती हवा धुराड्यातून बाहेर सोडण्याआधी एका मोठ्या लोखंडी खोलीतून नेत. त्या खोलीत माणसाहून उंच अशा दोनशे चाळीस कापडी पिशव्या टांगलेल्या असत, प्रत्येकीच्या आत तारांचा पिंजरा. हवा कापडातून आत शिरायची, धूळ बाहेर कापडावरच अडायची आणि स्वच्छ हवा वरून निघून जायची. मोठी माणसं त्याला बॅग फिल्टर म्हणत, मुलं पिशवीघर.

ठिणगीचे बाबा बारा वर्षं पिशवीघराचे फिटर होते. त्या सकाळी पिशव्या फाटल्या. एकदोन नव्हे, पावणेदोनशे. भट्टी बंद झाली. चौथ्या दिवशी चौकशी संपली आणि फाटकावर कागद लागला: "पिशव्या बसवण्यात हलगर्जी. फिटर निलंबित. सोमवारपर्यंत क्वार्टर रिकामं करावं."

ठिणगीने तो कागद तीनदा वाचला. घरी तिचा भाऊ बारक्या खोकून खोकून निळा पडत होता. आई न बोलता भांडी खोक्यात भरत होती. बाबा भिंतीकडे बघत बसले होते.

तेवढ्यात वायरमनमामा आले. ते सख्खे मामा नव्हते, पण दोन घरं सोडून राहायचे आणि लहानपणी त्यांनी तिला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. त्यांचा मुलगा पूर्वी बाबांच्याच हाताखाली होता. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली, तो दूरच्या गावी निघून गेला, तरी मामांचं येणंजाणं तुटलं नव्हतं.

मामांनी बारक्याच्या उशाशी फळं ठेवली आणि ठिणगीला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "तुझ्या बाबांचा हात चुकेल? अगं, पिशव्याच खोट्या असणार. महागाच्या सांगून स्वस्तातल्या आणल्या. कुणी आणल्या, ते मी सांगायला हवं का?"

नको होतं. खरेदी एकच माणूस करायचा.

"सोडणार नाही मी त्याला," ठिणगी म्हणाली.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सोडूही नकोस."

२

खरेदी खात्याच्या साहेबांना सगळे अर्धेसाहेब म्हणत. विकणाऱ्याने काहीही भाव सांगितला तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अर्ध्यात बसवा." चहा अर्धा पीत, पेन्सिल अर्धी करून वापरत, हसायचेही अर्धंच.

शनिवारी सकाळी ठिणगी एक पत्र्याचा डबा घेऊन त्यांच्या घरामागे पोचली. डब्यात अंगणातून झाडून जमवलेली भुकटी होती. शिडी लावलेलीच होती, वर पाण्याची टाकी. ती दुसऱ्या पायरीवर चढली आणि कुणीतरी तिच्या फ्रॉकचं टोक धरलं.

"पिठाचा डबा टाकीत ठेवायची पद्धत मी कुठे बघितली नाही बुवा," मागून आवाज आला.

ती आत्या होती. बाबांची मोठी बहीण. केस पांढरे, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, हातात प्रवासाची पिशवी. तीस वर्षं तिने एका कारखान्यात फिल्टरच्याच पिशव्या शिवल्या होत्या. भावाची बातमी कळली तशी ती पहिल्या गाडीने निघाली होती आणि घराकडे जाताना भाचीला शिडी चढताना बघून मागोमाग आली होती.

"सोड मला, आत्या! त्याच्यामुळे आम्हाला घर सोडावं लागतंय. त्यालाही कळू दे तोंडात माती गेली की कसं वाटतं."

आत्याने फ्रॉक सोडला नाही, पण रागावलीही नाही. "बरं. बदला घ्यायचाय ना? घे. माझी ना नाही. फक्त एक सांग. माणूस हाच, हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मी 'कुणी' विचारलं."

ठिणगीने डबा पोटाशी घट्ट धरला.

"हे बघ," आत्या खालच्या पायरीवर बसत म्हणाली, "तू याच्या टाकीत माती टाकलीस आणि करणारा दुसराच निघाला, तर तो दुसरा घरी बसून हसेल. चालेल तुला?"

"नाही!"

"मग आपण आधी तो शोधू. नक्की सापडला की मी तुला अडवणार नाही. शब्द देते."

ठिणगी खाली उतरली. आणि समोर, मागच्या दारात, हातात अर्धा कप चहा घेऊन खुद्द अर्धेसाहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

३

"आत या," अर्धेसाहेब म्हणाले. "टाकी रिकामीच आहे, तुमचा डबा वाया गेला असता."

त्यांच्या टेबलावर कापडाचे दोन तुकडे होते. दोन्ही पांढरे, जाड, दाबून बसवलेल्या लोकरीसारखे.

"ओळखा बघू, महाग कोणता?"

ठिणगीने दोन्हींवरून हात फिरवला. काहीच फरक कळेना.

"मलाही कळत नाही," ते म्हणाले. "डाव्याची किंमत उजव्याच्या पावणेदोनपट. मीटिंगमध्ये मी म्हणालो, स्वस्त घ्या. तुझे बाबा उभे राहिले. म्हणाले, स्वस्त कापड आपल्या गरम हवेत वर्षभरात पापडासारखं मोडेल, महाग तीन वर्षं टिकेल. वर दरवर्षी पिशव्या बदलायला भट्टी चार दिवस बंद, ते कोण धरणार? सगळ्यांसमोर म्हणाले, साहेबांना किंमत वाचता येते, हिशेब येत नाही. सगळे हसले." त्यांनी कप खाली ठेवला. "मी त्या दिवशी म्हणालो होतो, बघून घेईन. म्हणालो होतो, खरं आहे. केलं काही नाही. अजून तरी."

"मग पिशव्या फाटल्याचा तुम्हाला आनंद झाला असेल!" ठिणगी फणकारली.

"झाला," ते म्हणाले. "सकाळी दहापर्यंत. मग बारक्याला रिक्षातून नेताना बघितलं."

 आत्याने आपल्या पिशवीतून चिमटा काढला आणि काडेपेटी मागितली. उजव्या तुकड्याचा धागा ज्योतीत धरला. तो चटकन आक्रसला, वितळला आणि काळा थेंब होऊन गळला. डाव्याचा धरला. तो वितळला नाही. नुसता काळा पडला आणि ज्योत काढताच विझला.

"डोळ्याला आणि हाताला फसवता येतं," ती ठिणगीला म्हणाली, "विस्तवाला नाही. आता आपल्या फाटक्या पिशवीचा धागा हवा."

फाटक्या पिशव्यांचा ढीग पिशवीघराशेजारी पडला होता. अर्धेसाहेब स्वतः बरोबर आले. तिघेही ढिगापाशी उकिडवे बसले.  ठिणगीला तो काळा थेंब हवा होता. गळ, गळ, ती मनात म्हणत होती.

आत्याने दहा पिशव्यांचे दहा धागे जाळले.

एकही वितळला नाही. पिशव्या खऱ्याच होत्या, महागाच्याच.

अर्धेसाहेबांनी पहिल्यांदाच पूर्ण श्वास सोडला. ठिणगीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. पिशव्या चांगल्या असतील, तर मग दोष बसवणाऱ्याचा. म्हणजे बाबांचा.

४

आत्याने एक पिशवी घरी आणली आणि अंगणात पसरली. बाबा बाजूला बसले. पंख्याशेजारी बारा वर्षं काम करून त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे घरात सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलत.

"तिला विचार," आत्या ठिणगीला म्हणाली.

"कुणाला?"

"पिशवीला. चिमटीत धर आणि सांग, भोकाच्या कडा जळलेल्या आहेत का?"

"नाहीत."

"म्हणजे ठिणगी उडाली नव्हती. तुझ्यासारखी नव्हे, खरी. कापड ओढून बघ. मोडतं?"

"नाही, चिवट आहे."

"म्हणजे ओल आणि उष्णतेने कुजलं नाही. तोंडाशी बघ, जिथे बसवतात तिथे."

तोंडाची शिवण अख्खी होती. कडेचा पट्टा नव्यासारखा. ठिणगीने मान वर केली. "आत्या! वाईट बसवली असती तर इथे फाटली असती ना?"

"शाबास. मग फाटली कुठे?"

पिशवी मधोमध फाटली होती. उभ्या चिरा, सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. ठिणगीने मोजल्या. दहा. मग तिने शेजारचा पिंजरा ओढला. त्याच्या उभ्या तारा मोजल्या. दहा.

"प्रत्येक तारेवर एक चीर," ती पुटपुटली.

"आता नीट ऐक. पिशवीवर धूळ साचते, म्हणून दर थोड्या वेळाने वरून हवेचा जोरदार फटका मारतात. पिशवी फुगते, धूळ खाली पडते आणि कापड परत तारांवर आपटतं. हे बेतानेच करायचं असतं. कापडावर धुळीचा पातळ थर राहू द्यायचा, कारण खरी गाळणी तो थरच असतो. बारीक धूळ तो अडवतो. फटके फार मारले की थर राहत नाही, बारीक धूळ निसटते, आणि कापड तारांवर आपटून आपटून झिजतं. तीन वर्षांची पिशवी काही महिन्यांत संपते." तिने भावाकडे वळून आवाज चढवला. "अरे, पिशवीघराच्या काट्याचं काय? दाब किती दाखवत होता?"

"उतरला होता!" बाबा उत्साहाने म्हणाले. "आधी बारावर असायचा, मग पाचवर आला. हवा अडत नाही म्हणून पंख्याला वीज कमी लागायला लागली. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली."

"आणि तू थोपटून घेतलीस!" आत्या एवढी चिडलेली ठिणगीने कधी बघितली नव्हती. "काटा इतका उतरला याचा अर्थ कापड उघडं पडलंय, हे तुला कळू नये? कमी आकडा बघितला आणि खूश झालास. तीन पैसे वाचले म्हणून नाचलास आणि पिशव्या गमावल्यास!"

बाबांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं. पण ताई, फटके जास्त कसे पडतील? टायमर चाळीस सेकंदांवर असतो, चाळीस सेकंदांत एकच फटका. चौकशीवाल्यांनी टायमरचं पॅनेल उघडलं तेव्हाही तो चाळीसवरच होता. सगळ्यांनी बघितलंय."

पिशवी सांगत होती एक आणि टायमर दुसरंच. आता खोटं कोण बोलत होतं?

५

"टायमर कुणीतरी फिरवला आणि परत जागेवर आणला," आत्या म्हणाली. "पण कधी, ते कसं कळणार? फटक्याचा आवाज तर सगळ्या वसाहतीला ऐकू जात असेल ना?"

"जातो की," आई म्हणाली. "पण रोजच्या आवाजाकडे कोण लक्ष देतं? घड्याळाची टिकटिक तुम्ही ऐकता का?"

ठिणगी एकदम उभी राहिली. "आम्ही ऐकतो."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

वसाहतीतल्या मुलांचा एक खेळ होता, दुसऱ्या कुठल्या मुलांना तो खेळताच आला नसता. पिशवीघर 'फट्ट' वाजलं की भिंतीपासून पळत सुटायचं, काहीतरी शिवायचं आणि पुढचं 'फट्ट' व्हायच्या आत भिंतीशी परत यायचं. उशीर झाला की बाद.

"आम्ही पंपघर शिवून यायचो," ती धापा टाकत सांगू लागली, जणू पळूनच आली होती. "मग एके दिवशी सगळेच बाद व्हायला लागले. भांडणं झाली. शेवटी त्याच दिवशी आम्ही नियमच बदलला. पंपघराऐवजी नळ शिवायचा. नळ इथे आहे, हा असा जवळ."

"कधी बदलला?"

"बारक्याच्या वाढदिवसाला. तो संध्याकाळी पहिल्यांदाच खेळायला आला होता, सगळे म्हणाले याचाच पायगुण वाईट."

आत्याने डोळे मिटले. "वाढदिवस तीन महिन्यांपूर्वी. त्या दिवशी पॅनेलची किल्ली कुणाकुणाकडे होती?"

"तिघांकडेच असते," बाबा म्हणाले. "मी, मॅनेजरबाई आणि वायरमन. मी त्या दिवशी रजेवर. बारक्याला घेऊन संध्याकाळपर्यंत तलावावर होतो. बाई तर आठवडाभर परगावी होत्या."

सगळ्यांची नजर दोन घरं पलीकडे वळली.

"घाई नको," आत्या म्हणाली. "दुसरा प्रश्न. धूळ पडली त्या सकाळी टायमर परत चाळीसवर कुणी नेला?"

"पॅनेल बाईंनी दहा वाजता सील केलं. मी तोवर पिशवीघराच्या छतावर, चाळीस माणसं खाली उभी. पॅनेलची वीज तोडायला एकटा..." बाबा थांबले.

 डोक्यावर ठेवलेला हात ठिणगीला आठवला. सोडूही नकोस, असं म्हणणारा.

"स्टोअरमध्ये चल," आत्या उठत म्हणाली. "फटका मारणाऱ्या झडपेत एक रबरी पडदा असतो. जितके फटके, तितका तो झिजतो. बघू कितींचं आयुष्य सरलं."

स्टोअरवाल्या मावशीला पाठ होतं. "वर्षाकाठी सोळासतरा जातात हो. आता तीन महिन्यांतच सतरा गेले. मी विचारलंसुद्धा, एवढे खाता की काय? म्हणाले, माल हलका येतोय, अर्धेसाहेबांची कृपा."

सही प्रत्येक वेळी एकच होती. वायरमनमामांची.

६

सोमवारी सकाळी दहाला मॅनेजरबाईंनी सगळ्यांना पिशवीघरासमोर बोलावलं. बाहेर टेम्पो उभा होता, त्यात ठिणगीच्या घरची खोकी अर्धी चढली होती.

वायरमनमामा हसत होते. "ताई, पोरांच्या पळापळीवरून तुम्ही माणूस चोर ठरवणार?"

"मी नाही ठरवणार," आत्या शांतपणे म्हणाली. "बाई, पिशव्या नसल्या तरी हवेचे फटके मारता येतात. टायमर चाळीसवर ठेवून चालू करा."

बाईंनी सील तोडून पॅनेल उघडलं. 'फट्ट!' ठिणगी भिंतीपासून सुटली. पंपघराला हात लावला, वळली, परत आली. भिंतीला टेकली आणि मग 'फट्ट!'

"आता दहावर."

'फट्ट!' ठिणगी पुन्हा सुटली. नळाशी पोचली, वळली, भिंत गाठली आणि 'फट्ट!' बरोबर त्याच क्षणी. जमलेल्या मुलांमधून ओरडा झाला, "असंच! असंच व्हायचं!"

बाईंच्या कपाळावर आठी पडली. आत्याने सतरा सह्यांचा कागद त्यांच्या हातात दिला.

"टायमर दुसऱ्या कुणी फिरवला असता," ती म्हणाली, "तर पडदे तिप्पटचौपट झिजताना बघून पहिला ओरडा या माणसाने केला असता. त्याचं कामच ते. हा गप्प बसून नवे बसवत राहिला. वाढदिवसाला किल्ली फक्त याच्याकडे. धुळीच्या सकाळी पॅनेलपाशी फक्त हा. आणि बाई, काटा उतरला की तुम्ही शाबासकीच द्याल, कुणी खोलात जाणार नाही, हेही याला ठाऊक होतं. पंख्याची वीज वाचली ती तुम्ही बघितलीत. जादा फटक्यांची हवा भरायला कॉम्प्रेसर किती पळाला, ते बघितलंत?"

 बाईंचे कान लाल झाले होते.

मामांचं हसू कुठल्या कुठे गेलं. "हो, केलं," ते म्हणाले. आवाज चढला नाही, तो खालीच राहिला आणि म्हणून जास्त भीती वाटली. "माझ्या पोराला याने दाराबाहेर काढलं. सुरक्षेचा पट्टा न बांधता छतावर चढला, एवढ्यासाठी लेखी तक्रार केली. एकुलता एक मुलगा माझा. त्याची आई दोन वर्षं रोज त्याचं ताट मांडते आणि उचलते. मी ठरवलं होतं, याचीही खोकी टेम्पोत चढलेली बघायची. धूळ लेकरांच्या अंगावर पडेल हे नव्हतं ठरवलं. पण याचं घर उठताना बघायचं होतं मला. बघितलं."

ठिणगीने बाबांकडे पाहिलं. ते आता ओरडतील, काहीतरी सांगतील. बाबांचे ओठ हलले, पण त्यांनी जमिनीकडे बघितलं आणि गप्पच राहिले. का? ठिणगीला कळेना.

बाईंनी तिथल्या तिथे बाबांना कामावर घेतलं आणि मामांना संध्याकाळपर्यंत वसाहत सोडायला सांगितलं. मग अवघडून आत्याला विचारलं, "नव्या पिशव्या कोणत्या घेऊ? त्याहून महाग घेऊ का, म्हणजे निर्धास्त?"

"त्याच घ्या. तुमच्या हवेला त्याच पुरतात, जास्तीचा पैसा फुकट जाईल. स्वस्त घ्याल तर दरवर्षी रडाल. आणि काट्यासाठी एक खालची रेघही आखा. काटा तिच्याखाली गेला तर घाबरा."

अर्धेसाहेबांनी तोंड उघडलं. आत्या म्हणाली, "अर्ध्यात बसणार नाही."

ते पूर्ण हसले.

७

खोकी परत घरात आली. आई रडत हसत होती. ठिणगी मात्र अंगणात येरझाऱ्या घालत होती.

"आत्या, तू शब्द दिला होतास. नक्की सापडला की अडवणार नाहीस."

आत्या तिच्या वाटेतून बाजूला झाली. "दिला होता. नाही अडवत."

ठिणगीने वाक्यं तयार केली होती. वायरमनमामांच्या दारात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुम्ही बारक्याला फळं आणलीत. तुम्हाला मी मामा म्हणाले. एकेक शब्द तिने दातांत धरून ठेवला होता.

मामांच्या दारासमोर दुसरा टेम्पो उभा होता. त्याच्या सावलीत एक तरुण गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मामांचा मुलगा. आईवडिलांचं सामान न्यायला आला होता, पण आत गेला नव्हता.

ठिणगी त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमच्यामुळे झालं हे सगळं."

त्याने मान वर केली. डोळे सुजलेले होते. "माहीत आहे."

"काय माहीत आहे? फक्त पट्टा नव्हता म्हणून माझ्या बाबांनी तुम्हाला काढलं?"

त्याने टेम्पोच्या चाकाला डोकं टेकवलं. मग म्हणाला, "तिसऱ्यांदा चढलो होतो, मित्रांशी पैज लावून. छताची झाकणी सरकली, माझा पाय आत गेला. तुझ्या बाबांनी कॉलर धरून मला ओढून काढलं. त्यांचा खांदा तेव्हापासून दुखतो. मी त्यांच्या पाया पडलो, म्हणालो, पैजेचं आणि पडण्याचं कुणाला सांगू नका, आई मरेल. त्यांनी नाही सांगितलं. कागदावर फक्त पट्ट्याचं लिहिलं. आणि मी घरी येऊन सांगितलं, की त्यांनी आकसाने काढलं." त्याने तोंड पुसलं. "वडिलांना आता काय सांगू? दोन वर्षं झाली."

ठिणगीच्या तोंडातले सगळे शब्द बदलले. बाबा जमिनीकडे का बघत होते, ते तिला कळलं. दिलेला शब्द त्यांनी घर जाताना सुद्धा मोडला नव्हता.

मनातला राग गेला नव्हता. उलट तो आता इतका नीट पेटला होता की तिला त्याच्या उजेडात लख्ख दिसत होतं, तो कुठे न्यायचा.

"उठा," ती म्हणाली.

"तू लहान आहेस, तुला नाही समजत. हे ऐकून ते कोसळतील."

"उठा म्हणते ना."

तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला ओढत दारापर्यंत नेलं. आत खोक्यांच्या मधोमध वायरमनमामा पाठमोरे बसले होते. "कोण आहे?" त्यांनी न वळता विचारलं.

ठिणगीने त्यांच्या मुलाला उंबऱ्याच्या आत ढकललं. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत दाराला पाठ टेकवून पायरीवर बसून राहिली.